मिनिटाला पाच शब्द

दादांना चष्मा होता, हे मला त्यांच्या शेजारी सहा वर्षं राहिल्यावर कळलं.

याचं कारण असं की मी त्यांच्या तोंडाकडे कधी पाहिलंच नाही. दादा म्हणजे दौलत खिल्लारे. माझ्या नवऱ्याच्या गावचे, भावकीतले, वयानं मोठे, म्हणून नात्यानं माझे भासरे. भासऱ्यांसमोर सुनेनं पदर नाकापर्यंत ओढायचा, तोंडातून आवाज काढायचा नाही, आणि काही सांगायचंच असलं तर दुसऱ्या कुणाच्या तोंडून सांगायचं. आमच्या घरी ही रीत कडक होती. मी जात्याच भित्री, त्यामुळे मला ती जड गेली नाही. उलट बरी वाटायची. तेव्हा दादा म्हटलं की मला आठवतात ते टायरच्या चपला घातलेले दोन पाय, डाव्या अंगठ्याचं काळं पडलेलं नख, आणि उजव्या हाताचं मधलं बोट. त्या बोटाच्या पेरानं ते भिंत ठोकायचे. ते पुढे येईल.

दुष्काळ सरला त्या साली आम्ही सिद्धेश्वरच्या धरणावर राहायला आलो. आमचे हे तिथे खलाशी लागले. दरवाजांची चाकं फिरवायची, साखळ्यांना ग्रीस लावायचं, असं काम. वसाहतीत एका छपराखाली दोन बिऱ्हाडं असत. एक भिंत दोघांत, एक ओटा दोघांत. अलीकडे आम्ही, पलीकडे दादा आणि त्यांची बायको कौसाआक्का. त्यांना मूलबाळ नव्हतं. आमची शकू निम्मा दिवस आक्काच्याच कडेवर असायची.

दादांचं काम पाण्याची पातळी वाचायचं. रोज सकाळी सहाला ते धरणाच्या भिंतीवरची आकड्यांची पट्टी बघून यायचे आणि ऑफिसातल्या वायरलेसवर वरच्या धरणाला कळवायचे. पावसाळ्यात तासातासाला. वायरलेस पुसायला त्यांनी एक वेगळा रुमाल ठेवला होता. तो आक्कानं कधी धुवायला घेतला तर म्हणायचे, "तो यंत्राचा हाय, माहा न्हाई." त्यांचं बोलणं ठरलेलं. सिद्धेश्वर बोलतोय. पातळी अमुक. पाऊस शून्य. ओव्हर. ओव्हर म्हणजे माझं सांगून झालं, आता तुम्ही बोला. हे त्यांच्या जिभेला इतकं चिकटलं होतं की घरातही सुटायचं नाही.

"कौसे, चहा. ओव्हर."

"चहापत्ती शून्य," आक्का आतून म्हणायची. "दुकानात जाऊन या. ओव्हर."

यावर ते हसत नसत. चपला सरकवून दुकानाकडे निघत. ते कमी बोलणारे होते. कुणी काही विचारलं की आधी गप्प राहायचे, मग 'बराबर' म्हणायचे, आणि मग उत्तर द्यायचे. समोरच्याला वाटायचं, ऐकलं की नाही. आक्का म्हणायची, "ऐकलं हाय, पण अजून पोचायचं हाय." दादांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "ऐकणं आधी, बोलणं मागून." असा माणूस बोलायची परवानगी मिळावी म्हणून चार वर्षं का झटला, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आताही नीट कळत नाही.

सुरुवात एका मेमोनं झाली. त्या वरच्या धरणावर जो माणूस पातळी ऐकून लिहून घ्यायचा, त्याला दादांनी कधी पाहिलं नव्हतं. पाच वर्षं रोज आवाज ऐकत होते. एक दिवस पातळी सांगून झाल्यावर दादांनी त्याला विचारलं, "जेवलास का?" बस, तेवढंच. ते कुणा साहेबाच्या कानावर पडलं आणि सरकारी वायरलेसवर खासगी बोलल्याबद्दल दादांना कागद मिळाला. त्यांनी तो ओट्यावर बसून आमच्या ह्यांना वाचून दाखवला. मी दाराआड होते.

हे हसून म्हणाले, "मग, जेवला होता का तो?"

"सांगितलं न्हाई त्यानं. भ्याला आसंल."

दादांनी कागद खिशात घातला. मग दादा म्हणाले, "पाच वर्षं नुसती पातळीच बोलून राहिलो मी. पाणी चढलं, पाणी उतरलं. त्यात मी कुठं हाय?"

त्यानंतर धरण बघायला आलेल्या कुणा तरुण इंजिनिअरनं त्यांना सांगितलं की साध्या माणसालाही घरी स्वतःचा वायरलेस ठेवता येतो, दूरदूरच्या लोकांशी बोलता येतं. फक्त परीक्षा द्यावी लागते. पास झालात की दिल्लीहून लायसन येतं. दादांनी अर्ज मागवला, पुस्तक मागवलं. नांदेडच्या भंगारातून जुन्या रेडिओचे डबे आणले. कडुनिंबापासून एका बांबूपर्यंत तांब्याची लांब तार बांधली. दुसऱ्या दिवशी आक्कानं तिच्यावर गोधड्या वाळत घातल्या.

"कौसे, ती एरियलची तार हाय!"

"एवढी लांब तार बांधली, आन कापडं काय भुईवर वाळवू?"

शेवटी ठरलं की लुगडी चालतील, गोधड्या नाही.

मला हे सगळं गोंधळाचं वाटे. गाडी चालवायला लायसन लागतं, कारण माणूस मरेल. बंदुकीला लागतं. पण बोलायला? मी ह्यांना विचारलं, "बोलण्याची परीक्षा म्हणजे काय घेतात? नीट बोलतो का ते बघतात?" हे म्हणाले, "तोंडानं न्हाई बोलायचं. टिकटिक करून बोलायचं." मग तर मला काहीच उमगेना.

टिकटिक अशी होती. प्रत्येक इंग्रजी अक्षराला आखूड आणि लांब आवाज ठरलेले. परीक्षेत कुणीतरी असे आवाज काढणार आणि आपण ऐकून कागदावर अक्षरं लिहायची. मिनिटाला पाच शब्द, अशी सलग पाच मिनिटं. मला ते फार वाटले. सासरी असताना मी सबंध दिवसात तेवढे बोलत नसे.

आता लिहून घ्यायचा सराव करायचा तर पलीकडून वाजवणारं कुणीतरी पाहिजे. स्वतःच वाजवलं तर काय वाजणार ते आधीच ठाऊक असतं. दादांनी करवतीच्या पात्याचा एक खटका केला होता, त्याला वर बाटलीचं बूच. दाबला की टॉर्चच्या सेलवर पीं वाजायचं. आधी आक्काला बसवलं. तिनं दोन दिवसांत हात टेकले. "माहं डोकं उठतं. त्यापरीस हळद कांडलेली बरी." मग आमचे हे बसले. त्यांचा हात धरणाचं चाक फिरवणारा, त्यांचं आखूड आणि लांब सारखंच वाजायचं.

एक दिवस दादा आक्काला म्हणाले, मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं, "धाकटीला बसव."

"धाकटी? तिच्या तोंडातून शब्द निघत न्हाई."

"तोंडाचं काम न्हाई. रोज भिंतीतून तिची भाकरीची थाप ऐकतो मी. एकसारखी पडती. हात बराबर हाय तिचा."

मी थापटत होते ती भाकरी तशीच थांबली. कुणी माझं काही ऐकत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

पण मी भासऱ्यांसमोर बसणार कशी? वाट दादांनीच काढली. भिंतीला छिन्नीनं भोक पाडलं आणि तार ओवली. खटका माझ्या चुलीशेजारी, पीं वाजणार त्यांच्या खोलीत. मी त्यांना दिसत नव्हते, ते मला दिसत नव्हते. रीत मोडली नाही असं आक्का म्हणाली. मला मात्र खात्री नव्हती.

मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा कुरुंद्याला होती आणि मधे ओढा होता. इंग्रजी अक्षर मी पोत्यावरच पाहिलेलं. आक्कानं एका पुठ्ठ्यावर दादांच्या सांगण्यावरून अक्षरं मांडून दिली. आखूडला ज्वारीचा दाणा, लांबला खराट्याची काडी, दोन्ही खळीनं चिकटवलेले. शेजारी इंग्रजी अक्षर, त्याखाली मराठी. क म्हणजे काडी, दाणा, काडी. स म्हणजे तीन दाणे. तो पुठ्ठा चुलीवरच्या खुंटीला टांगला. महिन्याभरात मला तो बघावा लागेना. दाणे मात्र मुंग्या न्यायच्या, ते पुन्हा चिकटवावे लागत.

दुपारी चारला दादा कामावरून येत. भिंतीवर एक ठोका पडे. म्हणजे तयार. मी एक शब्द वाजवायची आणि थांबायची. तिकडे लिहून झालं की पुन्हा एक ठोका, म्हणजे हं, पुढं. मग मी पुढचा शब्द. असं कुणी ठरवलं नव्हतं. मोठं माणूस 'हं' म्हणेपर्यंत पुढं बोलायचं नाही, हे माझ्या अंगातच होतं, आणि दादांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

काय वाजवायचं ते मी आक्काकरवी विचारलं. उत्तर आलं, "काही बी. घरातलं." म्हणून मी पाणी, मीठ, ज्वारी असं वाजवू लागले. मग एक दिवस, कशी कोण जाणे, 'शकू ताप' वाजवून बसले. ठोका आलाच नाही. मी घाबरले. तेवढ्यात आक्का गोळी घेऊन धावत आली. "सकाळपासून लेकरू तापलंय, आन मला हाक मारायची सोडून यंत्रावर सांगतीस?" हाक मारायला मला लाज वाटली असती. खटक्यावर वाटली नव्हती.

तिथून माझा हात सैल झाला. बाजारातून ह्यांनी किडकी वांगी आणली ते मी कळवलं. जवळा बाजारला जाताना एसटीत कुणी माझ्या पायावर कोंबडी ठेवली ते कळवलं. एकदा वाजवलं, 'आक्काची भाजी खारट'. भिंतीपलीकडून दादांच्या हसण्याचा आवाज आला. मी तो पहिल्यांदाच ऐकला. लगेच आक्काचा, "काय म्हणली ती? वाचा बरं! वाचा म्हणते ना!" दादा म्हणाले, "परीक्षेचं गुपित हाय." पण तिनं वही ओढून घेतली असणार. संध्याकाळी ओट्यावर मला म्हणाली, "मुकी मुकी म्हणून डोक्यावर बसवली, आन हिनं माही भाजी दिल्लीपर्यंत नेली."

परीक्षा हैदराबादला होती. दादा वसमतला जाऊन रेल्वेनं गेले. नवा सदरा, दोन पेन्सिली, आक्कानं दिलेल्या धपाट्यांचा डबा. चौथ्या दिवशी आले. कुणी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. चारला ठोका पडला नाही. आठ दिवस पडला नाही. मी त्या वेळेला चुलीपाशी जाऊन बसायची, आणि का बसले ते न कळून उठायची.

नवव्या दिवशी ते ओट्यावर ह्यांच्याजवळ बोलले.

"पेपर बराबर गेला. खटका वाजवून दाखवला, त्यात बी पास. ऐकण्यात नापास."

"तुमी? ऐकण्यात?"

"पहिला शब्द लिहिला, आन टेबल ठोकलं."

"काहून?"

"सवय. ठोकलं आन थांबलो. तो कशाला थांबतो? त्याचं वाजवणं चालूच. मी म्हणलं आता थांबंल, आता थांबंल. पुन्हा ठोकलं. तर तो साहेब म्हणला, मियाँ, टेबल कायकू ठोकते? दरवाजा है क्या, खोलूँ?"

हे हसले. मग हसणं अर्ध्यात थांबलं.

"तवर दोन वळी निघून गेल्या," दादा म्हणाले. "सारा वर्ग बघून राहिला."

मी दाराआड होते. मी थांबत होते म्हणून ते नापास झाले होते. माझी मर्यादा त्यांना भोवली. पण ती मर्यादा मी सोडली असती तर लोक काय म्हणाले असते? कोणती चूक मोठी, ते मला ठरवता येईना. मी रडले, ते आक्कानं पाहिलं.

"रडू नको," ती म्हणाली. "टेबल त्यांनी ठोकलं, तू न्हाई."

दादांनी पुन्हा फॉर्म भरला. आणि आक्काजवळ निरोप दिला, नेहमीसारखा मोठ्यानं. "धाकटीला सांग, आता मी ठोकणार न्हाई. तिनं थांबायचं न्हाई. मी मागं राहिलो तर राहू दे मागं."

ऐकायला सोपं होतं. पण शब्द संपला की माझा हात आपोआप थांबायचा. मी मनाशी म्हणायची, चल, पुढं. हात चालायचा नाही. ठोका नाही म्हणजे ते ऐकतात की नाही, कळायचं कसं? मोठं माणूस ऐकत नसताना बोलत राहणं म्हणजे वेड्यासारखं. पंधरा दिवस असेच गेले.

मग एक दिवस आक्का माझ्या चुलीपुढे फतकल मारून बसली. तवा तापवला, त्यावर भाकरी टाकली आणि म्हणाली, "ही उलटायच्या आत एक वळ झाली पायजे. भाकर कुणाच्या हं-ची वाट बघत न्हाई. वाजव."

पहिली भाकरी जळाली. दुसरी जळाली. तिसरीला मी वाजवत सुटले, कशाचीही वाट न बघता, डोळे तव्याकडे. ओळ कधी संपली कळलं नाही. आक्कानं भाकरी उलटली तर ती जराशीच डागळलेली.

पुढे दोन महिने हेच. आक्का भाजायची, मी वाजवायची, शकू मोजायची. या खेपेला दादांनी इंग्रजी वर्तमानपत्राचे तुकडे दिले होते, पुड्या बांधलेले. कारण मराठी शब्द त्यांना अर्ध्यावरच ओळखू यायचे, आणि परीक्षेत तसं चालणार नव्हतं. मी अक्षरं बघून वाजवायची. म्हणजे दोन महिने मी इंग्रजी बोलत होते, आणि काय बोलले ते मला माहीत नाही. जळक्या भाकरी दोन्ही घरांत वाटून खाल्ल्या. दादांना कुणी विचारलं की अभ्यास कसा काय, तर म्हणायचे, "करपलेली भाकर खाऊन राहिलो. म्हंजे चालू हाय."

दुसऱ्या खेपेला जाताना आक्कानं त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट चिंधीनं बांधलं. "तिथं कुणी विचारलं तर सांगा, भाजलं."

ते पास झाले. निकालाचा कागद आला त्या दिवशी आक्कानं खीर केली, वैशाख पौर्णिमेला करतात तशी, मोठ्या पातेल्यात. खीर खारट नव्हती.

पण परीक्षा पास म्हणजे लायसन नव्हे. आधी माणसाची चौकशी. एक दिवस दुपारी औंढ्याहून पोलीस शिपाई आला, सायकलवर, घामानं भिजलेला. दादा नुकतेच आले होते. शिपायाला शेजाऱ्याचा जबाब पाहिजे होता. हे दरवाजांवर कामाला. आक्का घरची, तिचा जबाब चालणार नाही. राहिले मी.

"काय बाई, हा माणूस कसा हाय?"

मी पदर ओढून उभी. दादा अंगणात चार हातांवर.

"कुणाकुणाशी बोलतो? बाहेरदेशाच्या लोकाशी बोलायचं म्हणतो म्हणं. काहून?"

मी गप्प. त्यानं आक्काकडे पाहिलं. "मुकी हाय का?"

"मुकी न्हाई. भासरे हायेत समोर."

शिपायानं कपाळ पुसलं. "जा हो तुमी आत," तो दादांना म्हणाला. टायरच्या चपला वळल्या आणि त्यांच्या खोलीत गेल्या.

मला कळत होतं की मी आता बोलले नाही तर शिपाई काहीतरी वेडंवाकडं लिहील आणि एवढी वर्षं पाण्यात जातील. हेही कळत होतं की दादा भिंतीमागे आहेत आणि सगळं ऐकू जाणार आहे. मी म्हटलं, "ते पातळी बोलतात. दुसरं काही बोलत न्हाईत."

तो लिहू लागला. लिहिता लिहिता त्याची नजर माझ्या उघड्या दारातून आत गेली. "आन ती भिंतीतली तार? ती कुणासंगं जोडली?"

आक्कानं माझ्याकडे पाहिलं.

"माझ्यासंगं," मी म्हटलं.

"तुह्यासंगं? काय बोलतीस तू?"

मला खोटं सुचलं नाही. "भाजी खारट झाली, ते."

तो मोठ्यानं हसला. मग संशयानं म्हणाला, "वाजवून दाखव बरं काही."

मी चुलीपाशी बसले. काय वाजवावं? घरी पाहुणा आलेला, एवढंच डोक्यात होतं. मी वाजवलं. भिंतीवर एक ठोका पडला. किती दिवसांनी पडला! आणि पलीकडून दादांचा आवाज आला, "कौसे, चहा ठेव म्हणती धाकटी. पाहुणे दमून आलेत."

शिपायानं माझ्याकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं. "असं म्हणली का तू?"

मी मान हलवली.

त्यानं दोन कप चहा घेतला. कागदावर लिहिलं, वर्तणूक चांगली. खाली मी सही केली. सरकारी कागदावर मी सही केली ती पहिलीच.

त्या दिवशी मी दादांसमोर बोलले की नाही? ते समोर नव्हते, पण ऐकत होते. आणि त्याआधी वर्षभर खटक्यावर जे बोलले, ते बोलणं होतं की नव्हतं? मी आक्काला विचारलं. ती म्हणाली, "ज्याला ऐकू गेलं ते बोलणं." मग म्हणाली, "पण तुह्या सासूला सांगू नको."

लायसन यायला आणखी वर्ष गेलं. सोबत नियमांचा कागद होता. दादांनी तो ह्यांना वाचून दाखवला. राजकारणाचं बोलायचं नाही. धंद्याचं बोलायचं नाही. दुसऱ्याचा निरोप सांगायचा नाही. हे म्हणाले, "मग बोलायचं काय?"

दादांनी कागद पुन्हा वाचला. "बराबर," म्हणाले. "मी हितं हाय, तुमचं ऐकू आलं, माहं ऐकू येतं का. एवढं."

"एवढ्यासाठी दोनदा हैदराबाद?"

दादा कागद घेऊन आत गेले.

माझा खटका आता त्यांच्या यंत्राला लागणार होता. त्यांनी तार ओढून घेतली. भोक तसंच राहिलं. त्यांना दिल्लीनं एक नाव दिलं होतं, अक्षरांचं आणि आकड्याचं. त्याची सुरुवात मला अजून पाठ आहे. तीन दाणे काडी, दोन दाणे काडी, दोन दाणे तीन काड्या. पुढची अक्षरं आता सांगता येत नाहीत, पण हाताला येतात.

रोज सकाळी पातळी कळवून आले की सातच्या सुमाराला ते हाक मारायला बसत. काडी दाणा काडी दाणा, काडी काडी दाणा काडी. कुणी आहे का, कुणी आहे का. मग आपलं नाव. मग कान देऊन बसणं. भिंतीतून नुसती खरखर ऐकू यायची. आठवडे गेले. आक्का म्हणायची, "रोज हाक मारतात, कुणी ओ देत न्हाई. माह्यासंगं बोलायला तर लायसन लागत नव्हतं."

मी आता शेवटाकडे येते. त्यानंतर महिन्याभरात मी बाळंतपणाला माहेरी गेले. परत आले तर शेजारी नवीन बिऱ्हाड होतं. दादांची बदली दुसऱ्या धरणावर झाली होती. भोक कुणीतरी चुन्यानं बुजवलं होतं. त्यामुळे मी दादांना नीट पाहिलं ते माहेरी जायच्या आधी एकाच सकाळी, पहिलं आणि शेवटचं.

मी भाकरी थापत होते. पलीकडे हाक मारून झाली. खरखर. आणि त्या खरखरीतून एक बारीक शीळ आली, तुटक तुटक. तो दादांचा हात नव्हता. दादांचा हात मला माहीत होता. हा कुणी दुसराच होता, घाईचा, कुणासाठी न थांबणारा. तीन दाणे काडी. दोन दाणे काडी. दोन दाणे तीन काड्या. दादांचं नाव कुणीतरी दुरून घेत होतं.

शीळ थांबली. आणि भिंतीवर एक ठोका पडला.

तो कुणासाठी होता? दूरच्या माणसाला तो ऐकू जाणार नव्हता. पण माझा पिठाचा हात चुलीशेजारी गेला, जिथं खटका असायचा तिथं. तिथं नुसती जमीन होती.

मी उठले. ओट्यावर गेले. त्यांचं दार उघडं होतं. दादा यंत्रापुढे बसले होते, हातात पेन्सिल, डाव्या बाजूला वही, आणि उजव्या हाताची मूठ अजून भिंतीला टेकलेली. नाकावर चष्मा होता. एक काडी सुतळीनं बांधलेली. माझा पदर खांद्यावर घसरला होता आणि दोन्ही हातांना पीठ होतं, त्यामुळे तो ओढता आला नाही. किंवा ओढला नाही.

त्यांना माझी चाहूल लागली. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग लगेच मान वळवून स्वयंपाकघराच्या दिशेला तोंड केलं, आणि तिकडं बघत म्हणाले, "कौसे, धाकटीला सांग, ऐकू आलं त्याला. ओव्हर."

आक्का घरात नव्हती. ती नळावर पाणी भरायला गेली होती.

माझ्या घरातून भाकरी करपल्याचा वास येऊ लागला होता. मी हात पुढे केला आणि दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेरानं एकदा ठोकलं.

दादा वळले आणि पुढचा शब्द वाजवू लागले.